रोजचा आकडा आणि चिंचोळीचे प्रवेशद्वार

सोलापूर, प्रतिनिधी

कोरोनाच्या काळात सोलापुरात बाधितांची दोन पत्रके निघत. एक महापालिकेचे, केवळ शहरापुरते. दुसरे ग्रामीण भागाचे. नवे बाधित, बरे झालेले, मृत आणि एकूण असे त्यांतले रकाने असत. पत्रके हाती पडली की वादाला तोंड फुटे. आकडा उतरला, आता तरी दुकाने उघडू द्या, असे व्यापारी म्हणत. आणखी दोन आठवडे धीर धरा, असे डॉक्टर सांगत. चिंचोळी औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या शहरातील कामगाराला मात्र दोन्ही पत्रके पाहणे भाग होते. त्याचे घर एका पत्रकात मोडत होते आणि कारखाना दुसऱ्यात.

सर्व निर्बंध उठून आता काही वर्षे लोटली आहेत. तरीही निर्बंध शिथिल करताना नेमका कोणता आकडा पाहायचा आणि तो कोणत्या हद्दीतला धरायचा, हा त्या वेळचा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. पुढची साथ येईल तेव्हा तो याच रूपात पुन्हा उभा राहणार आहे.

चिंचोळी काटी हे गाव मोहोळ तालुक्यातले. सोलापूरहून पुण्याकडे निघाले की महामार्गालगतच ही वसाहत लागते. अक्कलकोट रस्त्यावरील जुनी वसाहत टॉवेल आणि सुती कापडाच्या उद्योगासाठी ओळखली जाते. चिंचोळीत रसायने, औषधांचा कच्चा माल आणि अभियांत्रिकी उत्पादने यांचे कारखाने आहेत. बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही त्यांतली ठळक नावे. तालुका मोहोळ असला तरी मनुष्यबळाचा मोठा भाग सोलापूर शहरातून येतो. पाळी बदलताना कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाक्या शहराची हद्द ओलांडून जातात, तशाच परत येतात. विषाणूला ही हद्द नव्हती. शासकीय आदेशांना होती.

आधी आकड्याविषयी. पत्रकातील ‘आजचे बाधित’ हे आजचे नसतातच. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला काही दिवस जातात, त्यानंतर माणूस तपासणीला जातो, अहवाल यायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे सायंकाळचे पत्रक साधारण आठवडा-दीड आठवड्यापूर्वी काय घडले ते सांगत असते. मृत्यूचा आकडा त्याहूनही मागे असतो, कधी दोन तर कधी तीन आठवडे. शिवाय रविवारी तपासण्या कमी होत, त्याचे प्रतिबिंब सोमवार-मंगळवारच्या आकड्यात पडे आणि ‘रुग्णसंख्येत मोठी घट’ अशा मथळ्यांना जागा मिळे. हे मथळे आम्हीही दिले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. नोंदींतील विलंब तर कधी कधी थक्क करणारा होता. १६ जून २०२० रोजी राज्याने आधीच्या काळातील १,३२८ मृत्यू एकाच दिवशी एकूण संख्येत मिळवले. त्या दिवसाचा आकडा पाहून कोणी निर्णय घेतला असता तर तो निर्णय जुन्या नोंदींच्या जुळणीवर घेतल्यासारखा झाला असता.

म्हणूनच नुसती बाधितांची संख्या न पाहता, केलेल्या तपासण्यांपैकी किती जण बाधित निघाले हे प्रमाण पाहण्याची पद्धत रुजली. तेव्हा सारे त्याला ‘पॉझिटिव्हिटी रेट’ म्हणत. हे प्रमाण किमान दोन आठवडे पाच टक्क्यांच्या खाली राहावे आणि मगच निर्बंध सैल करावेत, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचविला होता. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तालुक्यात आठवड्यात दोन हजार तपासण्या झाल्या व ६० जण बाधित निघाले; प्रमाण तीन टक्के. पुढच्या आठवड्यात तपासण्या पाचशेवर आल्या आणि ५० बाधित निघाले. पत्रकात बाधित दहाने घटलेले दिसतील, प्रमाण मात्र दहा टक्क्यांवर गेलेले असेल. पहिला आकडा पाहणारा बाजार उघडील, दुसरा पाहणारा बंद करील.

या प्रमाणातही पळवाट आहे आणि ती कारखान्यांच्या संदर्भात विशेष लक्षात येते. एप्रिल २०२१ च्या आदेशाने, लस न घेतलेल्या कामगारांना दर पंधरा दिवसांनी आरटीपीसीआर तपासणीचा अहवाल जवळ बाळगणे बंधनकारक केले. त्यामुळे कोणतेही लक्षण नसलेली, धडधाकट माणसे मोठ्या संख्येने तपासली जाऊ लागली. अशा तपासणीत बाधित थोडेच निघतात आणि त्या भागाचे प्रमाण आपोआप खाली येते. उलट केवळ तापाने फणफणलेल्यांचीच तपासणी झाली तर ते वर जाते. रॅपिड अँटिजेन चाचणीचाही असाच परिणाम. ती अर्ध्या तासात निकाल देते, परंतु आरटीपीसीआरइतकी संवेदनशील नसल्याने काही बाधित तिच्यातून निसटतात. जिथे अँटिजेन चाचण्या अधिक, तिथले प्रमाण कमी दिसण्याची शक्यताही अधिक.

दुसऱ्या लाटेत राज्याची दैनंदिन रुग्णसंख्या १८ एप्रिल २०२१ रोजी ६८,६३१ पर्यंत पोहोचली. ती उतरू लागल्यावर जूनच्या आरंभी निर्बंध कसे उठवायचे, हा वाद राज्यभर पेटला. ३ जून रोजी मदत व पुनर्वसनमंत्री विजय वडेट्टीवार यांनी पत्रकार परिषदेत १८ जिल्हे पूर्णपणे खुले होणार असल्याचे जाहीर केले आणि काही तासांतच असा निर्णय झालेला नसल्याचा खुलासा शासनाकडून आला. दुसऱ्या दिवशी निघालेल्या आदेशाने राज्याची पाच स्तरांत विभागणी केली. बाधितांचे साप्ताहिक प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांहून कमी खाटा व्यापलेल्या असतील तर पहिला स्तर. प्रमाण वीस टक्क्यांच्या वर किंवा ७५ टक्क्यांहून अधिक खाटा व्यापलेल्या असतील तर पाचवा. गुरुवारी आरोग्य विभागाने आकडे जाहीर करायचे, सोमवारपासून स्थानिक प्रशासनाने स्तर लागू करायचा.

ही रचना रोजच्या गोंधळापेक्षा निश्चितच चांगली होती. ऑक्सिजनच्या खाटांचा निकष तर फारच मोलाचा होता, कारण तपासण्या कमी-जास्त करून तो हलविता येत नाही. धाप लागलेला रुग्ण रुग्णालयात येतोच. सात दिवसांची बेरीज घेतल्याने रविवारची खाचही बुजत होती. गुरुवार ते सोमवार ही मुदत मिळाल्याने कारखान्याला पाळ्यांचे आणि दुकानदाराला मालाचे नियोजन करता येणार होते.

सोलापूरची अडचण वेगळीच निघाली. स्वतंत्र घटक म्हणून कोणत्या महापालिका धरायच्या यासाठी २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाख लोकसंख्येचा निकष मे अखेरच्या आदेशात होता. सोलापूर शहराची त्या जनगणनेतील लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८. म्हणजे पन्नास हजारांहूनही कमी माणसांनी शहराची संधी हुकली आणि शहरातील साथ ओसरत असताना ग्रामीण भागाचे आकडे शहराच्या गळ्यात पडले. व्यापाऱ्यांनी आवाज उठविला, लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा केला आणि अखेरीस शासनाने शहराला स्वतंत्र घटक मानण्यास मान्यता दिली. दहा वर्षे जुन्या शिरगणतीवर एखाद्या बाजारपेठेचे कुलूप अवलंबून असावे, याचे नवल तेव्हा अनेकांना वाटले.

शहराचा प्रश्न त्यामुळे सुटला. चिंचोळीचा मात्र अधिक गुंतागुंतीचा झाला. बाधिताची नोंद साधारणतः त्याच्या राहत्या पत्त्यावर होते. कारखान्यात किंवा बसमध्ये लागण झालेला शहरवासी कामगार शहराच्या खात्यात जमा होणार, आणि ज्या कारखान्यात तो काम करतो त्याचे नियम ग्रामीण भागाच्या आकड्यावर ठरणार. दोन्ही प्रशासने आपापल्या हद्दीत बरोबरच वागत होती. मधला वीसेक किलोमीटरचा रस्ता मात्र कोणत्याच गणितात नव्हता.

‘कारखाने चालतात, मग दुकानेच का बंद?’ हा प्रश्न त्या काळात पुनःपुन्हा विचारला गेला. त्याला तांत्रिक उत्तर आहे. रासायनिक प्रक्रिया मध्येच थांबविता येत नाही. थांबविली तर ती पुन्हा सुरू करण्यास बराच अवधी लागतो आणि कधी कधी धोकाही असतो. एप्रिल २०२१ च्या आदेशात अशा उद्योगांना निम्म्या मनुष्यबळावर चालण्याची मुभा होती. अत्यावश्यक वस्तूंच्या उत्पादनाला पूर्ण क्षमतेने, निर्यातीची मागणी हाती असलेल्यांनाही परवानगी होती. कामगारांची राहण्याची सोय आवारातच करणारे कारखानेही चालू शकत होते. शिवाय कारखान्यात येणारी माणसे रोजची, ओळखीची असतात. कोण कोणाच्या संपर्कात आला याचा माग काढता येतो. दुकानातील गिऱ्हाईक तसे नसते.

पण हे उत्तर अर्धेच आहे. उघडा असलेला कारखाना बंद बाजारावर फार काळ चालत नाही. बेअरिंग, गॅस्केट, पट्टे, जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग या साऱ्यांसाठी शहरातील लहान दुकानांकडेच यावे लागते. ते दुकान ‘अत्यावश्यक’ यादीत नसेल तर परवानगी असलेले यंत्रही उभे राहते. त्याच एप्रिलमध्ये औद्योगिक वापराचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळविण्यात आला. ते अर्थातच योग्य होते. परंतु गॅस कटिंगवर चालणाऱ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये त्याचा अर्थ काम बंद, असाच झाला.

आणि काम बंद म्हणजे मजुरी बंद. याबाबत शासनाचे आदेश कागदावर सहृदय होते. बाधित कामगाराला कामावरून काढू नये, रजेच्या काळातील पूर्ण वेतन द्यावे, पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याने स्वतःचे विलगीकरण केंद्र उभारावे, अशी तरतूद एप्रिल २०२१ मध्ये केलेली होती. कायम कामगाराला तिचा आधार होता. ठेकेदाराकडून आलेल्याला मात्र काम नाही तर दाम नाही, हाच व्यवहार ठाऊक असतो. त्यातच एक कामगार बाधित निघाला तर पूर्ण निर्जंतुकीकरण होईपर्यंत कारखाना बंद ठेवण्याची अट. अशा स्थितीत अंग मोडून आले तरी ते न सांगण्याकडेच माणसाचा कल होणार. दडविलेला ताप कोणत्याच पत्रकात येत नाही आणि दराच्या हिशेबातही येत नाही. निर्बंधांच्या चर्चेत दुकानांच्या वेळेला जितकी जागा मिळाली, तितकी आजारपणाच्या मजुरीला मिळाली नाही. माझ्या मते ही त्या चर्चेतील सर्वांत मोठी उणीव होती.

पाच स्तरांची रचनाही तीन आठवडेच मूळ स्वरूपात टिकली. डेल्टा प्लस या नव्या प्रकाराचे रुग्ण आढळल्यानंतर २५ जून २०२१ रोजी शासनाने दोन बदल केले. यापुढे प्रमाण केवळ आरटीपीसीआर तपासण्यांवर मोजायचे आणि आकडे कितीही चांगले असोत, कोणताही घटक तिसऱ्या स्तराच्या खाली आणायचा नाही. पहिला बदल शास्त्रीयदृष्ट्या चोख होता, अँटिजेनची पळवाट त्याने बुजविली. दुसऱ्या बदलामागील सावधगिरी समजण्यासारखी असली तरी त्याने रचनेचा कणाच मोडला. तिसरा स्तर म्हणजे अत्यावश्यक नसलेली दुकाने चार वाजता बंद आणि शनिवार-रविवारी पूर्ण बंद. आकडा खाली आणला तर मोकळीक मिळेल, या आश्वासनावर लोकांनी कळ सोसली होती. आकडा खाली आला, मोकळीक आली नाही. त्यानंतर गुरुवारच्या आकड्यांकडे लोक पूर्वीच्या विश्वासाने पाहीनासे झाले.

ऑगस्टमध्ये चित्र आणखी तुकड्यातुकड्यांचे झाले. २ ऑगस्टच्या आदेशाने राज्यातील २५ जिल्ह्यांत सवलती दिल्या किंवा त्यांचा निर्णय स्थानिक यंत्रणेकडे सोपविला. ११ जिल्ह्यांत तिसऱ्या स्तराचे निर्बंध कायम ठेवले. त्या अकरांत सोलापूर होते. पाठोपाठ १३ ऑगस्टपासून जिल्ह्यातील पंढरपूर, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा या पाच तालुक्यांत कडक निर्बंध लागू झाले आणि पंढरपूरच्या व्यापाऱ्यांनी त्याला विरोध केला. आषाढी वारी सलग दोन वर्षे मोजक्या पालख्यांवर आटोपलेल्या गावाची ती व्यथा होती. मोहोळ तालुका या पाचांत नव्हता, त्यामुळे चिंचोळी त्यातून सुटली. माढ्याची हद्द मोहोळला लागूनच आहे.

त्याच महिन्यात शासनाने नवा मापदंड आणला. कोरोना रुग्णांसाठी राज्याला दिवसाला सातशे टनांहून अधिक ऑक्सिजन लागू लागला तर पुन्हा टाळेबंदी. हा आकडा सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल. टँकर किती गेले ते कोणालाही मोजता येते. मात्र तो संपूर्ण राज्याचा होता आणि लक्ष्मणरेषेसारखा एकदाच ओलांडायचा होता. त्याच्या अलीकडे एखाद्या तालुक्यात काय घडत आहे, हे तो सांगू शकत नव्हता.

मार्च २०२२ मध्ये निकष पुन्हा बदलले. पहिली मात्रा ९० टक्के आणि दुसरी ७० टक्के लोकांना दिलेली असणे, बाधितांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत व व्यापलेल्या खाटा ४० टक्क्यांच्या आत असणे, या अटी पूर्ण करणारे १४ जिल्हे प्रथम मोकळे झाले. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ही शेजारची वा विभागातील नावे त्यात होती, सोलापूरचे नव्हते. पुढे ३१ मार्चला मंत्रिमंडळाने गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातील सर्व निर्बंध मागे घेतले. १ एप्रिलपासून घर शहराच्या पत्रकात आहे की ग्रामीणच्या, हे चिंचोळीच्या प्रवेशद्वारावर पाहण्याचे कारण उरले नाही.