बातमीतला लांडगा

डबे रवाना झाले, सकाळची धांदल ओसरली, की आपण वर्तमानपत्र हातात घेतो. मथळे वाचताना तुमच्या कधी लक्षात आलंय का, की बातम्यांत एक अख्खं जंगल वसलेलं असतं? लाच घेणारा कारकून 'जाळ्यात' सापडतो, आग लागली की दुकान 'भक्ष्यस्थानी' पडतं, भामटा एखाद्या आजीबाईंना 'सावज' करतो.

एरवी यात काही बिघडत नाही. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, अलंकार समजावायला हे मथळे छान उपयोगी पडतात. पण हेच शब्द मुलीबाळींवरच्या अत्याचाराच्या बातमीत येतात, तेव्हा मात्र जरा थांबायला हवं.

'बालिका वासनेची शिकार' हा मथळा घ्या. यात कर्ता कुठे आहे? करणारा गायबच! 'बळी पडली' हेही तसंच, जणू तीच पाय घसरून पडली. आणि करणाऱ्याचा उल्लेख आलाच, तर तो माणूस नसतोच मुळी. 'लांडगा' असतो, नाहीतर 'नरपशू'. बिचारा लांडगा पोटासाठी शिकार करतो. विश्वास संपादन करणं, खाऊ देणं, 'कुणाला सांगू नकोस' म्हणून दटावणं ही कामं माणसाचीच.

तुम्ही म्हणाल, शब्दांनी असा काय फरक पडतो? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका शहरातल्या गुन्हेगारीची माहिती काहींना 'हिंस्र पशू' म्हणून दिली, काहींना 'रोगजंतू' म्हणून. आकडे तेच. पशू वाचणाऱ्यांचा कल 'पकडा, कोंडा' याकडे जास्त झुकला. रोग वाचणाऱ्यांपैकी अधिक जण कारणं शोधा, सुधारणा करा म्हणाले. पुढे काही संशोधकांना हा परिणाम तितकासा आढळला नाही. तरी प्रश्न उरतोच: लांडगा म्हटलं, की आपली नजर जाते कुठे? अंधाऱ्या गल्लीकडे, अनोळखी माणसाकडे.

आणि वस्तुस्थिती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या अहवालानुसार बलात्काराच्या नोंदलेल्या दर १०० गुन्ह्यांपैकी ९० हून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा होता. शेजारी, नातलग, घरोब्यातला कुणी. मग आपण लेकीला 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' एवढंच शिकवलं, तर ओळखीच्या काकांबद्दल ती बोलणार कशी? काका तर लांडग्यासारखे दिसत नाहीत!

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करून पाहा. अशी बातमी मुलांच्या कानावर पडलीच, तर मथळा साध्या मराठीत सांगा: 'एका माणसानं मुलीला त्रास दिला. चूक त्या माणसाची आहे.' कर्ता जागेवर आला, की दोषही जागेवर येतो. 'कुणीही, अगदी घरातल्यानंसुद्धा, तुला नको तसा हात लावला तर मला सांग, मी रागावणार नाही,' हे वाक्य एकदाच नव्हे, अधूनमधून म्हणत राहा. मुलग्यांनाही सांगा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो त्यांना पाठ करून द्या.

शिकार मुकी असते. आपली मुलं मुकी नाहीत. त्यांनी बोलावं आणि आपण ऐकावं, एवढीच सवय घरात लावायची आहे.