अर्जातील एक रकाना

व्यापारी घरातील मुलगा बारावीनंतर दुकानाच्या गादीवर न बसता सैन्यात जाण्याचा मानस व्यक्त करतो, तेव्हा घरात चर्चा होते ती जावे की न जावे, याचीच. आजोबा पेढी कोण सांभाळणार, असे विचारतात. आईला जेवणाची चिंता लागते. या गडबडीत तेथे जाऊन नेमके कोणते काम करायचे, हा प्रश्न बाजूलाच राहतो. भरतीच्या अर्जात मात्र प्रवर्गाचा रकाना असतो आणि मुलगा तो बहुधा मित्राच्या सल्ल्याने भरतो.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे. त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. म्हणजे निवड करताना चार वर्षांनंतर हाती कोणते कौशल्य उरेल, हेही पाहिले पाहिजे. जनरल ड्यूटीसाठी दहावी पुरते. तांत्रिक प्रवर्गाला बारावी विज्ञान किंवा दहावीनंतरचे आयटीआय अथवा पदविका शिक्षण लागते. कारकून व भांडारपाल हा प्रवर्ग वाणिज्य शाखेलाही खुला आहे. पण बारावीत एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५० टक्के आणि इंग्रजीबरोबर गणित किंवा हिशेबलेखन अनिवार्य आहे. या कामाला नाके मुरडली जातात, ते अनाठायी आहे. पुण्याजवळच्या देहूरोडसारख्या आयुध भांडारात मालाची आवक-जावक राखणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि किराणा दुकानात वाढलेल्या मुलाला तिचे मर्म लवकर उमगते.

तरुणांचे डोळे मात्र पॅरा कमांडोच्या गडद लाल टोपीवर खिळलेले असतात. ही सेवा स्वेच्छेची आहे. झोपेविना, पाठीवर ओझे घेऊन, अनेक आठवडे चालणाऱ्या कसोटीत बहुतेक उमेदवार गळतात आणि अन्य पलटणीत परततात. पाणबुडी सेवेतही स्वेच्छा हीच पहिली अट आहे. विशाखापट्टणमच्या सातवाहन तळावर प्रशिक्षण झाल्यावर पुढचे आयुष्य सूर्यप्रकाशाविना, मोजक्या पाण्यात आणि अतिशय अरुंद जागेत काढावे लागते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्याही याला अपवाद नाहीत. म्हणून मुलाला विचारावे ते एवढेच, की तेथून परत पाठवले तर ज्या पलटणीत किंवा ज्या जहाजावर जावे लागेल, तेथे तो मनापासून काम करील काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्याचे प्रेम टोपीवर आहे, सेवेवर नाही.

आहाराचा प्रश्नही याच वेळी सोडवावा. सैन्यात शाकाहारी जवानाला मांसाऐवजी अन्य शिधा मिळतो. परंतु लंगरमध्ये एकाच कढईत शिजणाऱ्या भाजीतून कांदा-बटाटा वेगळा काढता येत नाही. ज्याला कंदमुळांचा त्याग आहे, त्याने मोहिमेवर किंवा पाणबुडीत काय करायचे, हे घरीच ठरवून जावे.

हिशेब असा आहे. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपयांपैकी २१,००० हाती येतात व ९,००० निधीत जातात. चार वर्षांत अग्निवीराचे ५.०२ लाख व शासनाचे तेवढेच, व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. अपवादात्मक परवानगीने मध्येच सेवा सोडल्यास शासनाचा वाटा मिळत नाही. ही रक्कम छोट्या व्यवसायाच्या भांडवलास पुरेशी आहे. लग्नाच्या मांडवात उधळण्यासाठी नव्हे.

अर्ज भरण्यापूर्वी दृष्टी, रंगांधता, सपाट तळवे आणि चिकटणारे गुडघे यांची तपासणी जवळच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. तसेच १.६ किलोमीटर धावण्याचा सराव भरतीच्या आठवड्यात नव्हे, तर किमान सहा महिने आधी सुरू करावा.