सही नसलेला हार कुठला?

घरातला एक जुना हार आपण इतवारीच्या सराफ्यात नेला असं समजू. चांदीच्या रुपयांची माळ, मधे पितळी मणी, तांब्याच्या कड्या. सही-शिक्का कुठेच नाही. सराफ मोडीचा भाव सांगतो, दुसरा कुणी ‘अस्सल गोंडी’ म्हणून दुप्पट द्यायला तयार. आपण कुणाचं ऐकायचं?

शिक्का नाही म्हणजे खोटा, हे आधी डोक्यातून काढू. सोन्याचं हॉलमार्किंगसुद्धा आपल्याकडे २००० साली आलं, सक्तीचं तर २०२१मध्ये.

आता नाणं. व्हिक्टोरियाचं चित्र, मागच्या बाजूला १८६२. म्हणून हार १८६२चा? नाही हो. त्याआधीचा नाही, एवढंच ठरतं. त्यातही गंमत अशी, की टांकसाळ १८६२ हाच आकडा पुढे कित्येक वर्षं उठवत होती! आणि दोरा पटवेकऱ्याने तीनदा बदललेला असेल, त्याची साक्ष काढूच नका.

‘विदर्भात सापडला, म्हणून विदर्भातला’ याला नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतील. कोल्हापूरकडच्या हुपरीची चांदी कुठकुठे जाते! तेव्हा घडण बघू: डाख कसा दिलाय, कडी हाताने वळवली की यंत्राने, मण्याच्या पोटात लाख आहे का. मुशीत गेल्यावर यातलं काहीच उरत नाही. म्हणून मोडीत देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, वजन लिहायचं, आणि घरातल्या थोरल्या बाईंना विचारायचं, हा माहेरून आला की सासरचा?