एका तारेची तालीम

बेस गिटार शिकणाऱ्यानं आधी तुळजापूरच्या गोंधळ्यांचं तुणतुणं कान देऊन ऐकावं, असं माझं ठाम मत आहे. तार एकच, तीही एकाच सुरात लावलेली. त्यामुळे सगळं कसब लयीत उतरतं: आघात कुठे, किती जोरानं आणि थांबायचं कुठे. संबळाचं मोठं भांडं खर्ज धरतं, लहान भांडं चढं बोलतं आणि तुणतुणं दोघांना गाणाऱ्याच्या षड्जाशी बांधून ठेवतं. बेसचं कामही हेच.

चार तारांच्या वाद्याला एका तारेचा धडा कशाला, असं कुणी म्हणेल. बेसवर सुरावट असते, हे खरंच. पण मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन गुंतागुंतीच्या सुरावटीही मुख्यतः एकाच बोटानं छेडायचा. पकड होती ती लयीची.