धोक्याची सूचना कशी द्यावी?

संकट ओळखणें हें शास्त्रज्ञांचें काम आहे. परंतु तें लोकांस कोणत्या शब्दांत कळवावें, हा केवळ शास्त्राचा प्रश्न नाहीं. जपानला त्याचें उत्तर फार महाग पडलें.

११ मार्च २०११ रोजीं दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रतळाशीं प्रचंड भूकंप झाला. अवघ्या तीन मिनिटांत तेथील हवामान खात्यानें त्सुनामीची, म्हणजे भूकंपानें उठणाऱ्या सागरलाटांची, सूचना दिली. ही तत्परता वाखाणण्यासारखी होती. पण सूचनेंत लाटांची अंदाजी उंचीही होती: मियागी प्रांतांत ६ मीटर, इवाते व फुकुशिमा प्रांतांत ३ मीटर. घाईच्या मोजणींत भूकंपाची तीव्रता ७.९ धरली गेली होती; प्रत्यक्षांत ती ९.० होती. आंकडे पुढें वाढविण्यांत आले. परंतु तोंपर्यंत कित्येक ठिकाणीं वीज गेली होती, आणि सुधारलेली सूचना पुष्कळांस ऐकूंच आली नाहीं. गांवाची संरक्षक भिंत तीन मीटरांहून उंच आहे, मग भय कसलें, असें समजून कांहीं लोक जागींच थांबले. लाटा मात्र अनेक ठिकाणीं दहा मीटरांच्याही वर चढल्या. त्या आपत्तींत अठरा हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं किंवा बेपत्ता झालीं.

मार्च २०१३ पासून खात्यानें आपली पद्धत बदलली. भूकंप आठाहून अधिक तीव्रतेचा दिसत असून त्याची नेमकी मोजणी लगेच होत नसेल, तर पहिल्या सूचनेंत मीटर सांगावयाचे नाहींत. 'प्रचंड' लाट येईल एवढेंच सांगावयाचें. राष्ट्रीय दूरचित्रवाणीनेंही आपला संथ स्वर सोडला. १ जानेवारी २०२४ रोजीं नोतो द्वीपकल्पांत भूकंप झाला, तेव्हां निवेदिका अक्षरशः ओरडून लोकांस पळावयास सांगत होती.

कोणी म्हणेल, नेहमीं अशी हाकाटी केली तर 'लांडगा आला रे आला' असें होईल. शंका रास्त आहे. म्हणूनच तो मोठा शब्द क्वचित् येणाऱ्या प्रसंगासाठींच राखून ठेवला आहे.

सूचना देणारानें कितीही काळजी घेतली, तरी ती ऐकणाराचाही वांटा उरतोच. म्हाताऱ्याकोताऱ्यांस कोणीं हात द्यावा, मुलांस कोणीं घ्यावें, उंच जागा कोणती, हें प्रत्येक कुटुंबानें शांत दिवशींच ठरवून ठेवावें. त्या घटकेस विचारविनिमयास वेळ नसतो.