पेरणीच्या दिवसांतले डायनोसॉर

'मध्य प्रांत व वऱ्हाड' हे नाव १९५० मध्ये सरकारी कागदांतून गेले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सिनेमाच्या धंद्याला मात्र ही बातमी कुणी कळवलीच नाही. चित्रपट वितरणाच्या हिशेबात आमचा मुलूख 'सी. पी. बेरार'च राहिला. कोणत्या चित्रपटाने कुठे किती गल्ला जमवला याचे तक्ते छापून येतात, त्यांत दिल्ली, निजाम, म्हैसूर यांच्या शेजारी बेरार अजून ऐटीत बसलेला असतो. भुसावळ आणि अमरावती ही या धंद्याची जुनी ठाणी. अमरावतीत तर प्रभात, श्याम, चित्रा ही नावे टॉकीजची आणि चौकांचीही. तेव्हा सिनेमावर दोन शब्द बोलण्याचा वऱ्हाडी माणसाचा हक्क वडिलोपार्जित आहे, असे मी समजतो.

विषय उन्हाळ्यातल्या मोठ्या सिनेमांचा आहे. ही चाल अमेरिकेची. २० जून १९७५ रोजी स्टीव्हन स्पीलबर्गचा 'जॉज' ४०९ चित्रपटगृहांत एकदम लागला आणि उन्हाळा म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या कमाईचा हंगाम, हे समीकरण पक्के झाले. पण त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्टचा. आमचा गुढीपाडव्याला तापू लागतो आणि मृगाला संपतो. त्यामुळे तिकडचे उन्हाळी सिनेमे इकडे पोहोचतात ते नेमके पेरणीच्या दिवसांत. २०२५ मध्ये 'जुरासिक वर्ल्ड : रिबर्थ' जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. त्या दिवसांत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे असतात. पाऊस दडी मारून दुबार पेरणीची पाळी आणतो की काय, या धास्तीपुढे डायनोसॉरची काय मातब्बरी?

तरी मी त्या हंगामातले मोठे सिनेमे पाहिले. काही अमरावतीला, काही अकोल्याला. त्यांतला 'मिशन : इम्पॉसिबल'चा शेवटचा भाग तेवढा खऱ्या वऱ्हाडी उन्हाळ्यात आला, १७ मे रोजी, अमेरिकेच्याही आधी. पावणेतीन तासांचा ऐवज. पहिला तासभर पात्रे एकमेकांना संकट किती भयंकर आहे हेच समजावून सांगत बसतात. बँकेतल्या आढावा बैठकींची आठवण व्हावी. पण पुढे समुद्राच्या तळाशी, बुडालेल्या पाणबुडीतला प्रसंग येतो आणि बोलणे जवळजवळ थांबते. पाणबुडी कलंडते आहे, पाणी आत शिरते आहे, एकटा माणूस वाट शोधतो आहे. थिएटरात कुणी मक्याची लाही चावत नव्हते. नंतर साठीला टेकलेला टॉम क्रूझ विमानाच्या पंखाला स्वतः लोंबकळतो. माझ्या वयाच्या माणसाने ते पाहताना खुर्चीचा हात घट्ट धरला, यात नवल नाही.

'जुरासिक'ने मात्र निराशा केली. १९९३ चा मूळ 'जुरासिक पार्क' हिंदी बोलत इकडे आला तो १९९४ मध्ये. दोन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर दिसतात ते सुमारे पंधरा मिनिटे. बाकी वेळ पेल्यातले पाणी थरथरते आणि आपण वाट पाहतो. 'जॉज'मध्येही तेच. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शकाने तो दाखवण्याऐवजी सुचवला, आणि तीच त्या सिनेमाची ताकद ठरली. आता यंत्र बिघडत नाही, संगणक हवे ते हवे तितके दाखवतो. नव्या चित्रपटात सहा अवयवांचे विचित्र जनावर आहे, पण त्याचे भय वाटत नाही, कारण त्याची वाट पाहावी लागत नाही. भय वाटले ते एकाच ठिकाणी : नदीकाठी झोपलेला टी-रेक्स आणि त्याच्या शेजारून रबरी नाव ओढत नेणारे कुटुंब. हा प्रसंगही मायकेल क्रायटनच्या १९९० च्या कादंबरीतला, पहिल्या चित्रपटात राहून गेलेला. म्हणजे नवे सामान हलके आणि जुनी शिल्लकच कामी आली.

'एफ वन'ची गोष्ट जुनीच. उतारवयातला शर्यतवीर आणि त्याचा तरुण प्रतिस्पर्धी. पण गाड्या खऱ्या मैदानांवर धावलेल्या, म्हणून ती अंगावर येते. 'सुपरमॅन'मध्ये इमारती कोसळत असताना तो एक खार उचलून वाचवतो. इमारतींचे मला काही वाटले नाही. खार लक्षात राहिली.

अकोल्याला भाच्याने विचारले, ''मामा, पैसे वसूल झाले नं?'' मी म्हटले, ''बाबा, पैसे फिटले, पण वेळेचा हिशेब लागला नाही.''

तो हिशेब लागला एका मराठी चित्रपटात. १ मे २०२५ ला आलेला शिवराज वायचळ यांचा 'आता थांबायचं नाय!' मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, एवढीच कथा, तीही खऱ्या घटनेवरून घेतलेली. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव ही मंडळी. त्यात ना विमान, ना पाणबुडी. पण निकालाची वाट पाहताना जीव तसाच टांगणीला लागतो. म्हणजे मोठेपण खर्चात नसून वाट पाहायला लावण्यात आहे. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला, ऐन उन्हाच्या कडाक्यात आला. नवखी पोरे, जवळजवळ तीन तासांची लांबी, आणि तरी शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. साताऱ्याकडच्या रहिमतपुरात तर त्याचे खेळ मध्यरात्रीनंतरही लावावे लागले.

दुखणे पुढेच आहे. 'आता थांबायचं नाय!' लागला त्याच दिवशी हिंदीतला 'रेड २' लागला. अशा वेळी संध्याकाळ आणि रात्र मोठ्या कंपनीकडे जाते आणि मराठीच्या वाट्याला दुपार येते. पुण्या-मुंबईत ही गैरसोय असेल. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला पोहोचतो. तिथे दुपारचा खेळ देणे म्हणजे नकार देणेच. लेकराबाळांना घेऊन त्या उन्हात कोण निघणार? मग खुर्च्या रिकाम्या राहतात आणि आठवड्याने सांगितले जाते की मराठीला प्रेक्षक नाही. पूर्वी चित्रपट मुदत ठेवीसारखा होता. आठवड्यामागून आठवडे चालायचा, माणसे एकमेकांना सांगायची, गर्दी हळूहळू जमायची. आता शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत निकाल. ज्याची कीर्ती तोंडोतोंडी पसरायची, तो चित्रपट आमच्या गावात पसरण्याआधीच उतरलेला असतो.

अमेरिकन सिनेमांशी माझे भांडण नाही. टॉम क्रूझ पुन्हा लोंबकळला तर पुन्हा जाईन. पण सी. पी. बेरारच्या वितरकांना आणि थिएटरमालकांना एवढीच विनंती आहे : मे महिन्यात मराठी चित्रपटाला रात्री नऊचा एक खेळ द्या, आणि तो दोन आठवडे काढू नका. ऊन उतरू द्या, घरची कामे आटोपू द्या. मग प्रेक्षक आहे की नाही, ते मोजा.