पाखरांसाठी कॅमेरा घ्यायचाय? डीएसएलआरच्या आधी ब्रिज कॅमेऱ्याचा हिशोब मांडा

नालवाडी (जि. वर्धा) : सोयाबीनचे चुकारे हाती आले, की घरातल्या मागण्यांची यादी निघते. ज्या घरात पाखरांच्या मागे फिरणारं एखादं पोरगं असतं, तिथे त्या यादीत कॅमेराही असतो. नालवाडी वर्धा शहराला लागून असली, तरी पवनारची धाम नदी इथून जवळ आहे. सेलू तालुक्यातला बोर व्याघ्र प्रकल्प पहाटे निघून गाठता येतो. आणि नीलपंख तर वावराच्या वाटेवर विजेच्या तारेवरच बसलेला सापडतो. मोबाईलने त्याचा फोटो काढला, की तारेवर एक ठिपका तेवढा येतो. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘डीएसएलआर घेऊन टाकू.’

इथेच घाई होते. बजेटमध्ये बसणारा डीएसएलआर बहुतेक वेळा १८-५५ मिलिमीटरच्या साध्या लेन्ससोबत मिळतो. ही लेन्स घरच्या कार्यक्रमाला चांगली, पण पाखरांसाठी जवळजवळ निरुपयोगी. सोपा हिशोब करून पाहू. नीलपंख साधारण ३० सेंटिमीटर लांब. तो ४० मीटरवर बसला आहे असं धरा. कॅननच्या १५००डी या डीएसएलआरवर ही लेन्स पूर्ण ताणली, तर फोटोत सुमारे १६ मीटर रुंदीचा देखावा मावतो. म्हणजे पक्षी फोटोच्या रुंदीचा पन्नासावा हिस्साही भरत नाही. सोबत ५५-२५० ची दुसरी लेन्स घेतली, तर रुंदी साडेतीन मीटरच्या आसपास येते आणि पक्षी बाराव्या हिश्शाएवढा दिसतो. कापून मोठा केला तर ओळखू येईल इतपत.

आता तोच पक्षी निकॉनच्या पी९५० या ब्रिज कॅमेऱ्यात पाहू. पूर्ण झूमवर ४० मीटरवरची जेमतेम पाऊण मीटर रुंदी फोटोत येते. नीलपंख फोटोचा चाळीस टक्के भाग व्यापतो, डोळ्याभोवतीची कडाही दिसते. त्यासाठी वेगळी लेन्स विकत घ्यावी लागत नाही.

ब्रिज कॅमेरा म्हणजे खिशातला साधा डिजिटल कॅमेरा आणि डीएसएलआर यांच्या मधला प्रकार. दिसायला तो डीएसएलआरसारखाच, पण लेन्स कायमची बसवलेली, ती बदलता येत नाही. पी९५० वर ‘८३ एक्स’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वस्तू ८३ पट मोठी दिसते असा नाही. लेन्स सगळ्यात कमी २४ आणि सगळ्यात जास्त २००० मिलिमीटरच्या तोडीचं काम करते, या दोन आकड्यांचं ते गुणोत्तर आहे. याच घराण्यातला पी९०० हा २०१५ साली आला आणि चंद्रावरचे खड्डे दाखवणाऱ्या व्हिडिओंमुळे जगभर गाजला. पुढे पी१००० हा १२५ एक्सचा आला, पण त्याचं वजन १,४०० ग्रॅमच्या वर आहे. कॅननचा एसएक्स७० ६५ एक्सचा आणि वजनाला फक्त ६१० ग्रॅम. दिवसभर गळ्यात अडकवून धुऱ्याधुऱ्याने फिरणाऱ्याला हा फरक दुपारपर्यंत कळतो.

डीएसएलआरवर ६०० मिलिमीटरपर्यंत जायचं तर सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० लेन्स लागते. सुरुवातीच्या डीएसएलआरपेक्षा ही लेन्सच महाग पडते, आणि वजन दोन किलोच्या घरात. ‘आधी कॅमेरा घेऊ, लेन्स पुढच्या वर्षी’ असं ठरवणाऱ्या घरात पुढच्या वर्षी कापसाचा भाव काय असेल, हे कुणाला माहीत?

मग ब्रिज कॅमेऱ्यात खोट कुठे आहे? खोट आहे उजेडात. कॅमेऱ्यात शिरलेला प्रकाश ज्या चकतीवर पडतो तिला सेन्सर म्हणतात. पी९५० किंवा एसएक्स७० मधला सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा आहे. कॅनन १५००डीचा सेन्सर सुमारे ३३० चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळपास बारा पट. पाऊस झेलायला वाटी ठेवली की टोपलं, एवढा फरक. त्यात पूर्ण झूमवर लेन्सचं तोंडही बारीक होतं. भर उन्हात वाटीही भरते. पण पहाटेच्या अंधुक उजेडात, बांबूच्या गर्दीत किंवा पावसाळी आभाळात ब्रिज कॅमेऱ्याचा फोटो दाणेदार तरी येतो, नाहीतर हललेला. बोरमध्ये वाघ दिसण्याची वेळ नेमकी तीच, सकाळची आणि सांजेची. फक्त वाघासाठी कॅमेरा घेणाऱ्याची इथे हमखास निराशा होणार.

उडत्या पक्ष्याचीही अडचण आहे. ब्रिज कॅमेरा फोकस पकडायला वेळ घेतो. हवेत थांबून थरथरणारी कापशी घार कदाचित मिळेल, पण सूर मारणारा खंड्या मिळणं नशिबावर. शिवाय एवढ्या झूमवर पक्षी शोधणं हेच सुरुवातीला कठीण जातं, सगळीकडे नुसत्या फांद्या दिसतात. त्यासाठी पी९०० आणि पी९५० च्या बाजूला एक बटण दिलेलं आहे. ते दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी परत सापडतो आणि बटण सोडलं की झूम जागेवर जातो. अनेक जण वर्षभर कॅमेरा वापरूनही हे बटण दाबून पाहत नाहीत.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. एप्रिल-मे महिन्यात दुपारी नांगरलेल्या वावरावरून गरम हवा थरथरत वर जाते. तेव्हा लांबचा फोटो कितीही महागड्या कॅमेऱ्यातून काढा, पाण्यात पडल्यासारखाच येतो. कॅमेरा खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी तोच फोटो सकाळी सातला काढून पाहावा.

लग्नाचे फोटो काढून चार पैसे कमवायचे असतील, तर मात्र ब्रिज कॅमेऱ्याकडे वळूच नये. मांडवातला रात्रीचा उजेड, नवरीच्या मागची धूसर पार्श्वभूमी, झटपट फोकस, हे सगळं डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्सच देईल. ती लेन्स तुलनेने स्वस्तही आहे. एकाच कॅमेऱ्यात लग्न आणि पाखरं दोन्ही बसवायचा हट्ट केला, तर दोन्हीकडे अर्धवट काम होतं. पक्ष्यांची नोंद ई-बर्डवर टाकण्यापुरता फोटो हवा असेल, तर तिथे पक्षी ओळखू येणं महत्त्वाचं. त्या कामाला ब्रिज कॅमेरा पुरून उरतो.

डीएसएलआरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कंपन्यांचा सगळा भर आता मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे, आणि निकॉनचा डी३५०० सारखा लोकप्रिय डीएसएलआर बंदही झाला. त्यामुळे अनेकांची नजर जुन्या बाजाराकडे जाते. जुना डीएसएलआर घेताना त्यावर किती फोटो काढले गेले, हा शटरचा आकडा आधी विचारावा. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का तेही पाहावं, पावसाळ्यात नुसत्या कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते.

जुना ब्रिज कॅमेरा असेल, तर झूम पूर्ण बाहेर काढून परत आत न्यावा आणि कान देऊन ऐकावं. करकर आवाज आला, झूम मध्येच अडखळला, तर सौदा सोडावा. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून त्यात काळपट डाग आहेत का बघावं. आत शिरलेली धूळ घरी काढता येत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. पी९०० मध्ये रॉ फोटो निघत नाहीत, पी९५० आणि एसएक्स७० मध्ये निघतात. फोटोवर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याने हा फरक धरून भाव करावा.

नवा घ्या की जुना, दुकानात जाताना आपलं मेमरी कार्ड सोबत न्यावं. बाहेर येऊन रस्त्यापलीकडच्या पाटीचा एक फोटो पूर्ण झूमवर काढावा, दुसरा दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याचा. दोन्ही फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर पाहावेत आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्यावेत.